सरपणाची वीज : एका उपेक्षित शोधाचा इतिहास



विजेचा इतिहास सांगावयाचा म्हटला की आपल्याकडील वक्ता बहुधा धरणापासून आरंभ करतो. टाटांनी घाटमाथ्यावरचे पाणी अडवून १९१५ साली खोपोलीस वीज उत्पन्न केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरविली. पुढे १९६२ साली कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजगृहात उतरले. ही कथा आपल्या परिचयाची आहे आणि अभिमानाचीही आहे. आज मी जी कथा सांगणार आहे ती इतकी भव्य नाही. तिच्यात धरण नाही, खाण नाही, डोंगर पोखरून काढलेले बोगदे नाहीत. एक उभी लोखंडी भट्टी, तिच्या शेजारी एक इंजिन आणि समोर लाकडाच्या ढलप्यांचा ढीग, एवढाच तिचा पसारा. जंगलात पडलेल्या काटक्या, वखारीतले तुकडे, झाडांच्या छाटणीतून निघालेल्या फांद्या अशा जळाऊ मालाचा प्रथम वायू करावयाचा आणि त्या वायूवर इंजिन चालवून वीज काढावयाची, हा तो शोध.

हा शोध नवा असता तर त्याच्या इतिहासाची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु तो चांगला दोनशे वर्षांचा जुना आहे. मधल्या काळात त्याने युरोपातील लाखो मोटारी चालविल्या, आपल्याकडील बसगाड्या चालविल्या, खेड्यांत दिवे लावले. आणि दर वेळी काम संपताच लोकांनी त्याला निरोप दिला. असे का झाले? शास्त्र अपुरे होते म्हणून, असे उत्तर सहज सुचते. ते थोडेसे खरेही आहे. पण इतिहास पाहू गेल्यास भट्टीपेक्षा भट्टीपुढच्या ढिगाने आणि त्या ढिगाशी बसणाऱ्या माणसानेच या शोधाचे भवितव्य अधिक वेळा ठरविले, असे दिसून येते.

धूर म्हणजे न जळलेले लाकूड

प्रथम ही क्रिया काय आहे ते पाहू. त्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. चुलीपाशी बसले तरी पुरे. चुलीत लाकूड धुमसू लागते, डोळ्यांत धूर जातो, घरातली बाई फुंकणी घेऊन दोन फुंकरा घालते आणि एकदम भपकन जाळ होतो. नवे लाकूड काही तेवढ्यात चुलीत पडलेले नसते. जो धूर डोळ्यांतून पाणी काढत होता तोच पेटलेला असतो. याचा अर्थ असा की धूर हा लाकडाचाच एक भाग आहे, आणि तो जळण्याजोगा आहे.

लाकूड तापू लागले की आधी त्यातले पाणी जाते. मग त्यातून ज्वालाग्राही वायू आणि डांबराच्या वाफा निघतात. हे सर्व निघून गेल्यावर जो उरतो तो कोळसा. आपल्याकडील लोणारी लोकांना हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होते. लाकडाची रास रचून ते ती मातीने लिंपतात, आत हवा अगदी बेताची जाऊ देतात आणि लाकूड जाळण्याऐवजी शिजवितात. लोणारी कोळसा ठेवतो आणि धूर सोडून देतो. वायुभट्टीला धूर तर हवाच असतो, शिवाय कोळशाचाही तिला वायू करावयाचा असतो. लालबुंद कोळशाच्या थरातून कार्बन डायऑक्साइड जाऊ दिला की त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि पाण्याची वाफ जाऊ दिली की कार्बन मोनॉक्साइडच्या जोडीला हायड्रोजनही निघतो. हे दोन्ही वायू जळतात.

अशा भट्टीतून निघालेल्या वायूत साधारण पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड, जवळजवळ तितकाच किंवा काहीसा कमी हायड्रोजन आणि किंचित मिथेन असतो. जवळजवळ निम्मा भाग मात्र हवेतून आलेला नत्रवायू असतो, आणि तो जळत नाही. त्यामुळे हा वायू अंगाने अशक्त. पेट्रोलवर चालणारे इंजिन त्यावर चालविले तर त्याची ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटते. तरीही हिशेब वाईट नाही. एक ते दीड किलो सुक्या लाकडात एक युनिट वीज मिळते.

येथे कोणी विचारील की, लाकूड सरळ बॉयलरखाली जाळून वाफेवर वीज का काढू नये? मोठ्या कारखान्यात तसे करतातच. आपले साखर कारखाने उसाचे चिपाड जाळून तेच करतात. पण वाफेचा कारभार मोठ्या प्रमाणावरच परवडतो. पाच-दहा किलोवॉटची गरज असलेल्या वाडीसाठी बॉयलर आणि टर्बाइन मांडणे म्हणजे चार माणसांच्या चहासाठी लग्नाचे पातेले चढविण्यासारखे आहे. वायूवर चालणारे साधे इंजिन मात्र तेवढ्या कामाला बरोबर पुरते. लहान गावाशी या शोधाचे नाते जुळते ते येथे.

वायूला नाव मिळाले

गंमत अशी की 'गॅस' हा शब्दच मुळी लाकडाच्या कोळशातून जन्माला आला. ब्रुसेल्सचा वैद्य आणि रसायनज्ञ यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट याने ओकच्या लाकडाचा ६२ पौंड कोळसा जाळला, तेव्हा राख उरली एक पौंड. बाकीचे ६१ पौंड गेले कोठे? भांड्यात कोंडता न येणाऱ्या या अदृश्य पदार्थाला त्याने 'गॅस' हे नाव दिले. त्याच्या निधनानंतर १६४८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे सारे आले आहे. त्याने पाहिलेला तो 'रानवट' वायू बहुतांशी कार्बन डायऑक्साइड होता, म्हणजे न जळणारा. पण लाकूड नाहीसे होत नाही, रूप पालटते, हे त्याने दाखवून दिले.

लाकडाच्या वायूला कामाला जुंपण्याचा पहिला मोठा प्रयत्न फ्रान्सच्या फिलिप लबाँ या अभियंत्याने केला. बंद पात्रात लाकूड तापवून निघणाऱ्या वायूवर दिवे लावण्याच्या युक्तीचे त्याने १७९९ मध्ये पेटंट घेतले. १८०१ साली पॅरिसमधील एक घर आणि त्याची बाग अशा दिव्यांनी उजळून त्याने लोकांना दाखविली. हाच वायू इंजिनात जाळून शक्ती मिळविता येईल, हेही त्याने लिहून ठेवले होते. १८०४ मध्ये तो वारला आणि त्याचे काम त्याच्याबरोबरच थांबले. इकडे इंग्लंडमध्ये दगडी कोळसा मुबलक होता. तेथील लोकांनी त्या कोळशाचा गॅस काढून शहरेच्या शहरे उजळली. आपल्या मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली जे गॅसचे दिवे लागले, ते या दगडी कोळशाच्या घराण्यातले. ज्याच्या दारी जे जळण स्वस्त, त्याचाच शोध पुढे जातो, हा धडा येथे पहिल्यांदा मिळतो. तो पुढे वारंवार मिळणार आहे.

बंद पात्रात तापविण्याऐवजी भट्टीत मोजकी हवा सोडून सगळ्या जळणाचाच वायू करावयाचा, ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुळली. जर्मनीत बिशॉफने १८३९ मध्ये तशी भट्टी बांधली. सीमेन्स बंधूंनी १८६१ च्या सुमारास तिला औद्योगिक रूप दिले. १८७६ साली ऑटोचे चार फेऱ्यांचे इंजिन आले. डाउसन या इंग्रज अभियंत्याने भट्टीचा वायू अशा इंजिनाला जोडला आणि इंजिनाला डायनामो जोडला की वीज तयार! पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपातील कितीतरी लहान कारखान्यांना अशा संचांतून शक्ती मिळत असे. तोपर्यंत जळण मात्र बहुधा लाकडी कोळसा किंवा दगडी कोळसा हेच असे. सरळ लाकूड घालण्यास कोणी धजत नसे, आणि याचे कारण होते डांबर.

डांबराची अडचण

लाकडाच्या धुरात डांबराच्या वाफा असतात हे मघाशी सांगितलेच. वायू गरम आहे तोवर त्या वाफा निमूटपणे त्याच्या संगतीने जातात. तो नळीत थंड होऊ लागला की त्या जागोजाग चिकटतात. झडपा अडकतात, नळ्या तुंबतात, आणि अखेरीस इंजिन असे जाम होते की ते उघडून खरवडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. ज्यांनी जुन्या घरातील धुराड्याचे पत्रे साफ केले असतील, त्यांना ही चिकटी काय चीज आहे ते सांगावयास नको.

या अडचणीवर फ्रान्सच्या आल्सास भागातील जॉर्ज ॲम्बेर याने १९२० नंतरच्या काळात चांगला तोडगा काढला. त्याने वायूची दिशाच उलटी केली. लाकूड वरून पडते, हवा मध्यभागी शिरते आणि वायू वर न जाता खाली ओढला जातो. खाली जाताना त्याला एका अरुंद गळ्यातून जावे लागते. त्या गळ्यात हजार अंशांहून अधिक तापलेला निखारा असतो, आणि त्यातून जाताना डांबराच्या वाफा फुटून त्यांचाही जळाऊ वायू होतो. कल्पना मोठी सुरेख, पण तिच्या अटी कडक आहेत. तुकडे साधारण सारख्या आकाराचे हवेत. फार मोठे झाले तर मध्ये अडकतात, भुसा घातला तर वाट बुजते. लाकडात पाणी शेकडा वीसपेक्षा अधिक नको, आणि नुकत्याच तोडलेल्या लाकडात तर जवळजवळ निम्मे पाणीच असते. शिवाय भट्टी नेहमी भरपूर कामात हवी. इंजिनावर भार कमी पडला तर वायूची ओढ कमी होते, गळा थंडावतो आणि डांबर न फुटताच निसटते. ही शेवटची अट कृपा करून ध्यानात ठेवावी. पुढे एका खेड्यात ती आपणांस पुन्हा भेटणार आहे.

युद्धाने बोलाविले, शांततेने घालविले

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व डेन्मार्कवर स्वारी केली. स्वीडन तटस्थ होता, पण त्याची समुद्रावरील वाट बंद झाली. देशात खनिज तेल नाही, बाहेरून येण्याची सोय नाही. जंगल मात्र अफाट. स्वीडनने मोटारींच्या मागे भट्ट्या बसविल्या. 'गेनगास' हा शब्द तेथे घरोघरी झाला. थोड्याच काळात सुमारे ७० हजार गाड्या लाकडावर आणि लाकडी कोळशावर धावू लागल्या. फिनलंडच्या लोकांनी आपल्या भट्टीला जे नाव दिले त्याचा अर्थच 'विषारी वायूचा डबा' असा होतो. जर्मनीत युद्धाच्या अखेरीस अशी सुमारे पाच लाख वाहने होती. अवघा युरोप त्या पाच वर्षांत सरपणावर चालला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या चालण्याची किंमत मात्र चालकाने मोजली. सकाळी निघण्यापूर्वी भट्टी पेटवावयाची, पंख्याने वारा घालावयाचा, वायू नीट जळतो की नाही ते पाहावयाचे. वाटेत लाकूड घालावयाचे. संध्याकाळी राख काढावयाची आणि गाळण्या धुवावयाच्या. आणि कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला जीवघेणा वायू. बंद जागेत गाडी ठेवून भट्टी धुमसत राहिली की माणूस झोपेतच जावयाचा. स्वीडनमध्ये विषबाधेच्या घटना इतक्या झाल्या की डॉक्टरांना तो एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला.

आपल्याकडेही पेट्रोलवर नियंत्रण आले आणि बसगाड्यांच्या पाठीला कोळशाची टाकी आली. गाडी सुटण्यापूर्वी क्लीनर हाताने पंखा फिरवून भट्टी फुलवीत असे, आणि घाटाच्या चढाला लागली की गाडी धापा टाकीत असे. घरांतील वडीलधाऱ्यांनी या 'कोळशाच्या गाड्यां'च्या गोष्टी पुष्कळांना सांगितल्या असतील. त्या गोष्टींत एक पात्र सहसा येत नाही, ते म्हणजे रानात रास लावून कोळसा पाडणारा लोणारी आणि त्याच्यामागे विरळ होत गेलेले रान. जुन्या पद्धतीने एक किलो कोळसा पाडण्यास चार-पाच किलो लाकूड लागते. प्रवासी धापा मोजीत होता. झाडे कोणी मोजली नाहीत.

१९४५ साली युद्ध संपले. तेलाची जहाजे पुन्हा येऊ लागली आणि पाहता पाहता या साऱ्या भट्ट्या भंगारात गेल्या. स्वीडनने १९५० साली आपला सगळा अनुभव एका ग्रंथात नोंदवून ठेवला, आणि १९५६ मध्ये सुएझ कालव्याचे संकट येताच १९५७ साली पुन्हा संशोधन हाती घेतले. पण सामान्य माणसाच्या दृष्टीने या यंत्राचा आणि टंचाईच्या दिवसांचा असा संबंध जुळला की ते पुन्हा दारात नको, असेच त्याला वाटले. यात त्याची चूक तरी काय? ज्या यंत्राची सेवा आपल्याला करावी लागते, ते सोडून जे यंत्र आपली सेवा करते त्याकडे माणूस जाणारच.

होसहळ्ळीचे दिवे

१९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि जगाला या जुन्या सोबत्याची पुन्हा आठवण झाली. भारतात या कामाचे एक मुख्य केंद्र ठरली बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. जमशेटजी टाटांच्या दानातून उभी राहिलेली. तेथे १९७४ मध्ये अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान घडविणारा एक विभाग निघाला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो 'अस्त्र' म्हणून ओळखला गेला. त्याच संस्थेत ह. सु. मुकुंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरून उघड्या तोंडाची एक भट्टी तयार केली. तिच्यात हवा वरूनही शिरते आणि बाजूनेही, त्यामुळे डांबर फुटण्यास अधिक वाव मिळतो. डिझेल इंजिनाला ही जोडली की बहुतांश डिझेल वाचते.

या भट्टीची कसोटी लागली ती कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातल्या होसहळ्ळी या लहानशा वस्तीत. पस्तीस-चाळीस घरे, विजेच्या तारा आलेल्या नाहीत. १९८८ साली तेथे पाच अश्वशक्तीच्या लहान इंजिनावर दिवे लागले; पुढे संच २० किलोवॉटपर्यंत वाढविला. दिव्यांनंतर पंप आला आणि नळाला पाणी आले. मग पिठाची गिरणी आली, शेताला पाणी देण्याची सोय झाली. जळणासाठी रानावर हात टाकला नाही. गावच्या पडीक जमिनीवर मुद्दाम झाडे लावली. भट्टी चालविण्यास बाहेरचा फोरमन ठेवला नाही, गावचेच तरुण शिकून तयार झाले. १९८८ पासून २००४ पर्यंतच्या अनुभवाचा जो अहवाल संशोधकांनी प्रसिद्ध केला, त्यात शेवटच्या सहा वर्षांत शेकडा ८५ हून अधिक दिवस दिवे आणि नळाचे पाणी मिळाल्याची नोंद आहे. त्या काळी तारांनी जोडलेल्या कितीतरी गावांना एवढा भरवसा नव्हता.

त्याच अहवालातील दुसरा आकडा मात्र विचार करावयास लावणारा आहे. इंजिनावर २० किलोवॉटचा पूर्ण भार असेल तर जळण, माणूस आणि देखभाल मिळून एका युनिटला ३ रुपये ३४ पैसे खर्च येई. भार पाचच किलोवॉट असेल तर तो ५ रुपये ८५ पैशांवर जाई. म्हणजे गाव जितके गरीब, तितकी त्याची वीज महाग! चार दिवे लावून निजणाऱ्या गावाला भट्टीची पोटभर भूक भागविता येत नाही. भट्टीला काम हवे, काम असण्यास गावात धंदा हवा, आणि धंद्यास पैसा. मघाशी सांगितलेली ती शेवटची अट येथे लोखंडातून निघून थेट संसाराच्या हिशेबात शिरलेली दिसते.

होसहळ्ळीच्या मागोमाग इतर प्रयोग झाले. बंगालच्या सुंदरबनातील गोसाबा बेटावर, जेथे नद्यांची पात्रे ओलांडून तारा नेणे कठीण, १९९७ मध्ये ५०० किलोवॉटचे केंद्र उभे राहिले आणि ते चालविण्यास सहकारी संस्था निघाली. ज्या बेटावर डॅनियल हॅमिल्टन या स्कॉटिश गृहस्थाने विसाव्या शतकाच्या आरंभी सहकाराचे बीज पेरले होते, तेथेच हे व्हावे हे शोभून दिसले. बिहारमध्ये २००७ पासून भाताच्या तुसावर चालणारे लहान संच दिसू लागले. आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी उसाचे पाचट आणि चिपाड यांसारख्या सुट्या, हलक्या मालासाठी वायुभट्टी तयार केली. जे पाचट आपला शेतकरी बांधावर उभा राहून पेटवून देतो, तेही जळणच आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

अपयशाचे धडे

यशाबरोबर अपयशही सांगितले पाहिजे. आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकात सरकारने शेतकऱ्यांना पाण्याच्या पंपासाठी अशा भट्ट्या अनुदानावर दिल्या. पुष्कळांनी त्या घेतल्या, पण डोळा होता भट्टीबरोबर स्वस्तात मिळणाऱ्या इंजिनावर. इंजिन डिझेलवर चालत राहिले आणि भट्टी गोठ्याच्या कोपऱ्यात गंजली. येथे शेतकऱ्याला हसण्याचे कारण नाही. लाकूड फोडणे, वाळविणे, भरणे, राख काढणे ही मजुरी अनुदानाच्या कागदावर कोणी मांडलीच नव्हती.

श्रीमंत देशांतही निराळे घडले नाही. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरात आठ मेगावॉटचे एक मोठे केंद्र उभारले. त्यासाठी आसपासच्या शेतकऱ्यांनी धान्याच्या जमिनीत विलोची झाडे लावली. केंद्र धड चालूही झाले नाही तोच २००२ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, आणि शेतकरी उभे पीक घेऊन बसले. ऑस्ट्रियातील ग्युसिंग या लहान गावाचे केंद्र मात्र शास्त्रदृष्ट्या उत्तम होते. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठाच्या साहाय्याने ते २००१ मध्ये उभे राहिले, दोन मेगावॉट वीज देई आणि उरलेल्या उष्णतेवर हिवाळ्यात गावची घरे उबदार राखी. जगभरचे लोक ते पाहावयास येत. विजेला मिळणाऱ्या वाढीव दराची मुदत संपली आणि २०१६ मध्ये तेही बंद पडले.

मध्यंतरी आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडली. २०१८ च्या एप्रिलमध्ये देशातील शेवटच्या खेड्यापर्यंत वीज पोचल्याचे सरकारने जाहीर केले, आणि सौर विजेची किंमत तर वर्षागणिक उतरत गेली. बिहारमधील तुसाच्या भट्ट्या चालविणारी कंपनीसुद्धा सौर पत्र्यांकडे वळली. सूर्याला राख काढावी लागत नाही! तेव्हा प्रत्येक खेड्यात वायुभट्टी, हे स्वप्न आज कोणी दाखवू लागला तर त्याला इतिहासाचा आधार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

टाकाऊ कोणाला म्हणावे?

मग या शोधाला काही जागा उरली आहे की नाही? माझ्या मते आहे. जेथे जळण आपोआप एका जागी साचते, जेथे विजेबरोबर उष्णतेचीही गरज असते, आणि सूर्य मावळल्यावरही काम चालते, तेथे ती आहे. लाकडाची वखार, भाताची गिरणी, शहराच्या नगरपालिकेने पावसाळ्यापूर्वी छाटलेल्या फांद्यांचे ढीग, ही अशी ठिकाणे होत. भारही तेथे पुरेसा मिळतो.

परंतु 'जंगलातील टाकाऊ माल' हा शब्दप्रयोग कानी पडला की आपण सावध झाले पाहिजे. कागदावर ज्याला टाकाऊ म्हणतात, ती काटकी रानाजवळ राहणाऱ्या बाईच्या डोक्यावरची मोळी असते. तीवर तिची चूल पेटते. उरलेला पालापाचोळा रानाची माती धरून ठेवतो आणि कुजून तिलाच खत देतो. साहेबी अमलात जंगलखात्याने राने राखीव केली, तेव्हा पाला आणि जळण यांना पारखा झालेल्या कुणब्याचे दुःख महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात मांडले. १९३० साली पुसदला, बिळाशीला, चिरनेरला जंगल सत्याग्रह झाले. चिरनेरला तर गोळीबार होऊन माणसे पडली. त्या सत्याग्रहींनी मागितले काय होते? रानातले गवत आणि लाकूड. ज्या काटकीसाठी या प्रांतातील माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या, तिला आज आपण शहरात बसून टाकाऊ ठरवावी, हे इतिहास विसरल्याचे लक्षण होय.

याची दुसरी बाजूही आपल्याच प्रांताने दाखविली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार गडचिरोलीतील मेंढा गावाला २००९ मध्ये आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळाला, आणि बांबू केव्हा, किती तोडावयाचा हे गावसभा ठरवू लागली. उद्या अशा गावाने विचार करून, चुलीचे आणि मातीचे काढून ठेवून, उरलेल्या लाकडावर आपली भट्टी पेटविली, तर ती अधिक टिकेल असे मला वाटते. होसहळ्ळीत झाडे गावची होती, भट्टी राखणारे हात गावचे होते आणि दिवेही गावचे होते. यॉर्कशायरात झाडे एकाची, भट्टी दुसऱ्याची आणि वीज तिसऱ्याची होती. दोन्ही ठिकाणी वायू तोच होता.

आपल्या नगरात किंवा आपल्या जिल्ह्यात अशा केंद्राची योजना आली, तर भट्टी किती मेगावॉटची, हे आपण विचारालच. त्याआधी एवढे विचारावे : हे लाकूड काल कोणाच्या उपयोगी पडत होते? ते वाळविणाऱ्या आणि फोडणाऱ्या हातांना मजुरी कोण देणार? आणि उद्घाटनाला आलेले साहेब परत गेल्यावर राख कोण काढणार? दोनशे वर्षांत ज्या ज्या ठिकाणी या प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली, त्या ठिकाणी हे दिवे काही काळ तरी भरवशाने जळले. जेथे ती मिळाली नाहीत, तेथे उरल्या त्या गंजलेल्या भट्ट्या.